चिनी थडग्यांतला माल आणि घाईचे निष्कर्ष

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत चीनमधल्या प्राचीन थडग्यांतून निघालेल्या परदेशी वस्तूंवरचा सचित्र लेख वाचला. हा विषय मराठीत क्वचितच येतो, म्हणून तो छापल्याबद्दल आभार. मात्र लेखात तीन विधाने फार ठामपणे केली आहेत. दक्षिण चीनमधल्या हेपूच्या थडग्यांतले लाल मणी 'भारतीय' आहेत. रोमन काच सापडली, अर्थात रोमन व्यापारी चीनपर्यंत पोचले होते. आणि मृताच्या तोंडात नाणे ठेवण्याची चाल ग्रीकांकडून आली. तिन्हींत थोडे तथ्य आहे, पण जशीच्या तशी घेतली तर तिन्ही चुकतात. थडग्यातली वस्तू शेवटी कोणाच्या हाती होती, एवढेच खात्रीने कळते. ती तिथवर किती हातांतून आली, आणि विकत, भेट की लूट म्हणून आली, हे वेगळे शोधून काढावे लागते. ते कसे शोधतात याबद्दल मणी आणि काच यांचा अभ्यास करणाऱ्या आम्हा काही जणांना लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा असावी.

हेपूपासून सुरुवात करतो, कारण लेखाचा निम्मा भर तिथेच आहे. हे गाव ग्वांगशी प्रांतात, टोंकिनच्या आखाताजवळ. हान साम्राज्याने इ.स.पू. १११ मध्ये नान्यूएचे (दक्षिण चीन व उत्तर व्हिएतनाममधले) राज्य जिंकले आणि त्यानंतर या किनाऱ्यावर हेपू नावाचा जिल्हा बसवला. गावाभोवती हानकालीन थडगी हजारोंनी आहेत आणि त्यांतली हजाराहून अधिक खणून झाली आहेत. त्यांतून तांबडा अकीक, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, जांभळा स्फटिक, पाणीदार स्फटिक, रक्तमणी, पाचूच्या जातीचे फिकट खडे, अंबर, बारीक रवे जडवलेले सोन्याचे मणी आणि ढीगभर काचमणी निघाले आहेत.

याच बंदराबद्दल 'हान शू' या हान घराण्याच्या दरबारी इतिहासाच्या भूगोल प्रकरणात एक उतारा आहे. लेखात त्याचे एकच वाक्य घेतले, बाकीचे सोडून दिले, आणि महत्त्वाचे तेच होते. उताऱ्यात प्रवासाचा हिशेब दिला आहे: किनाऱ्यावरून जहाजाने पाच महिने, पुढे चार महिने, मग वीसहून अधिक दिवस, त्यानंतर दहाहून अधिक दिवस पायी, आणि पुन्हा जहाजाने दोन महिन्यांवर गेले की हुआंगची देश लागतो. बहुतेक अभ्यासक हुआंगची म्हणजे कांचीपुरम असे मानतात. दरबाराची माणसे सोने आणि तऱ्हेतऱ्हेचे रेशीम घेऊन जात, आणि येताना मोती, काच व विलक्षण खडे आणत. मात्र त्याच उताऱ्यात असेही लिहिले आहे की या माणसांना टप्प्याटप्प्याने पुढे पोचवत ती परक्यांची व्यापारी जहाजे, आणि ती जहाजे व्यापार करता करता लुटालूट व खूनही करीत. वादळात बुडाले नाहीत तर परतायला काही वर्षे लागत. म्हणजे चिनी लेखकालाही हा सरळ हेपू ते कांची असा व्यापार वाटत नव्हता. मधला पायी टप्पा बहुधा मलय द्वीपकल्पाच्या चिंचोळ्या भागातला असावा. तिथे माल उतरे, जमिनीवरून पलीकडे जाई आणि दुसऱ्या जहाजात चढे.

आता मणी. लाल मणी दिसला की 'भारत' असे लिहून मोकळे होता येत नाही, कारण अकीक चीनमध्येही मिळतो. नानचिंगच्या परिसरातले रंगीत गोटे प्रसिद्ध आहेत. ल्याओनिंगमधल्या फूशिनला अकीकाच्या खाणी आहेत. शिवाय लाल रंग खाणीतून येतोच असे नाही. गुजरातेत भरूचजवळच्या रतनपूरचा खडा मुळात बहुधा पिवळट-तपकिरी असतो. तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या किंवा लाकडी भुशाच्या मंद आचेवर रात्रभर तापवतात. आतल्या लोहाच्या संयुगातले पाणी जाते आणि खडा तांबडा होतो. आच घाईने वाढवली तर आतली ओल वाफ होऊन खडा तडकतो. तेव्हा रंगावरून भट्टी कळते, खाण कळत नाही.

खरी ओळख भोकात असते. त्यासाठी मणी फोडावा लागत नाही. दंतवैद्य वापरतात तसा सिलिकॉनचा पातळ लगदा भोकात भरायचा, घट्ट झाला की अलगद ओढून काढायचा, आणि तो ठसा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. वाळूसारखी कठीण पूड आणि साधी काडी वापरून पाडलेले भोक तोंडाशी रुंद आणि आत निमुळते होते, त्याची भिंत धुरकट दिसते. हिऱ्याच्या दोन बारीक कपच्या लोखंडी काडीच्या टोकाला बसवून सामत्याने (दोरीने फिरवायच्या गिरमिटाने) पाडलेले भोक शेवटपर्यंत जवळजवळ एकाच व्यासाचे राहते, आणि भिंतीवर नियमित, बारीक, गोल फिरत गेलेल्या रेघा उमटतात. दोन्ही बाजूंनी भोक पाडल्यामुळे मध्यावर दोन भोकांची जराशी चूक दिसते. पुष्कळदा तिथेच कडेचा टवका उडालेला असतो. दुहेरी हिऱ्याचे हे तंत्र भारतातले. खंबातचे मणी-कारागीर ते आजही वापरतात. पुडीने जिथे तास लागतात तिथे हिऱ्याने मिनिटांत काम होते. म्हणून हे तंत्र जिथे पोचले तिथे मणी स्वस्त झाले आणि लांबट घाटाचे मणी करणे परवडू लागले.

तरीही 'भारतीय तंत्र' आणि 'भारतात घडवलेला' यांत अंतर आहे. थायलंडच्या चिंचोळ्या भागात खाओ साम काएओ येथे इ.स.पू. चौथ्या ते दुसऱ्या शतकातल्या मणी घडवण्याच्या जागा सापडल्या आहेत. तंत्र भारतीय, घडवणूक तिथली, आणि घाट पुष्कळदा आग्नेय आशियातल्या गिऱ्हाइकाच्या पसंतीचा. हेपूच्या थडग्यातला हिऱ्याने भोक पाडलेला मणी रतनपूरहून निघाला असेल किंवा या मधल्या किनाऱ्यावरून. भोक एवढेच सांगते. पुढे जायचे तर दगडाचे रासायनिक विश्लेषण हवे. लेसरने केसाच्या जाडीइतका खड्डा पाडून त्यातले सूक्ष्म घटक मोजतात आणि निरनिराळ्या खाणींच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. इथेही फसगत होते, कारण ताडायला ज्या खाणीचे नमुने ठेवलेले असतात त्यांतल्याच एखाद्या खाणीशी 'जवळीक' निघते. खरी खाण यादीतच नसेल तर उत्तर चुकीचे आणि तरीही दिसायला अचूक येते.

लाल मण्यावर पांढऱ्या रेघा असतील तर काम थोडे सोपे होते. त्या रेघा क्षार आणि झाडाचा रस यांच्या मिश्रणाने काढून मणी तापवतात. क्षार पृष्ठभागात शिरतो आणि रेघ पुसली जात नाही. असा एक मणी चीनच्या युनान प्रांतात शचाइशान येथील १३ क्रमांकाच्या थडग्यात मिळाला. ही त्येन राज्याची दफनभूमी. तिथल्याच ६ क्रमांकाच्या थडग्यातून १९५६ मध्ये 'त्येनच्या राजाची' सोन्याची मुद्रा निघाली होती. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, आणि तरी त्या थडग्यांतली काशाची मोठी भांडी समुद्री कवड्यांनी काठोकाठ भरलेली होती. सगळ्या मिळून लाखाहून अधिक. झाकणांवर बाजार, युद्ध, बळी देण्याचे विधी अशी दृश्ये ओतलेली आहेत. एका पांढऱ्या रेघांच्या मण्यापेक्षा या कवड्या व्यापाराबद्दल अधिक सांगतात, असे आमचे मत आहे. मणी एकटा प्रवास करू शकतो. लाख कवड्या नियमित वाहतुकीशिवाय डोंगर चढत नाहीत.

कवडीवरही खुणा असतात. आनयांगला १९७६ मध्ये सापडलेले राणी फू हाओचे थडगे इ.स.पू. १२०० च्या सुमाराचे आणि लुटारूंचा हात न लागलेले. त्यात ४६८ काशाच्या व ७५५ जेडच्या वस्तूंबरोबर सुमारे ६,८०० कवड्या होत्या. ओवता यावी म्हणून कवडीच्या पाठीला आधी बारीक भोक पाडत. पुढच्या काळात पाठ घासून मोठे तोंड करू लागले. पाठ काढलेली कवडी हलकी होते आणि चपटी बसते, म्हणून पाठ मूळ किनाऱ्यावर घासली की कवड्या जिथे पोचल्या त्या राजधानीत, हा प्रश्न महत्त्वाचा. पाठीचे घासून काढलेले तुकडे जिथे सापडतील तिथे काम झाले. म्हणून उत्खननात कवड्यांबरोबर त्यांचा चुराही गोळा करायचा असतो. तो बहुतेक वेळा मातीबरोबर फेकला जातो.

काचेकडे वळतो. लेखातले दुसरे विधान रोमन काचेबद्दल आहे आणि तिथे रसायनशास्त्र चांगले मदतीला येते. प्राचीन काच ढोबळमानाने तिच्या क्षारावरून ओळखतात. भूमध्य समुद्राकडची रोमन काच इजिप्तमधल्या खनिज सोड्याची, म्हणून तिच्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांची ऑक्साइडे प्रत्येकी दीड टक्क्याच्या आत राहतात. इराणी सासानी काच झाडांच्या राखेची, तिच्यात हीच दोन्ही दीड टक्क्याच्या वर जातात. दक्षिण भारतातल्या ओढून केलेल्या बारीक काचमण्यांत अॅल्युमिना बराच जास्त असतो. हेपूतली बहुतांश काच वेगळीच, पोटॅशची आहे. तिच्यातली काही टोंकिनच्या आखाताभोवतीच बनत असावी असे मानले जाते. आणि चीनची स्वतःची काच शिसे व बेरियमची. बेरियम त्या काळी जगात दुसरीकडे कोणी असे वापरत नव्हते.

हा बेरियम लक्षात ठेवला की हुपे प्रांतातल्या स्वेइचौजवळच्या यी या त्सेंग राज्याच्या अधिपतीच्या (मार्क्विसच्या) थडग्याचा अर्थ लागतो. ते इ.स.पू. ४३३ च्या सुमारास बंद झाले आणि १९७८ मध्ये खणले गेले. त्यात डोळ्यासारखी वर्तुळे असलेले १७३ काचमणी मिळाले. तपासलेल्या मण्यांची काच सोडा-चुन्याची, म्हणजे पश्चिमेकडची निघाली. पुढच्या शतकांतल्या छू राज्याच्या थडग्यांतले तसेच 'डोळे' असलेले मणी शिसे-बेरियमचे आहेत. आधी माल आला, मग नक्कल आली. नुसत्या डोळ्यांनी पाहून दोन्ही 'पाश्चात्त्य' म्हणून एकाच कपाटात ठेवले गेले असते.

तपासणीतही ठरावीक चुका होतात. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने सोडियम नीट मोजता येत नाही, कारण हलक्या मूलद्रव्याचे किरण हवेतच शोषले जातात. शिवाय जमिनीत दोन हजार वर्षे राहिलेल्या काचेच्या पृष्ठभागातून क्षार धुऊन जातात. मग यंत्र सिलिका जास्त आणि क्षार कमी दाखवते, आणि सोड्याची काच भलत्याच वर्गात जाऊन बसते. बरे, मणी 'स्वच्छ' करायला आम्लात किंवा ध्वनिलहरींच्या यंत्रात टाकला, तर तो कुजका थर गळून पडतो आणि कधी कधी मणीही. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ कुंचला पुरतो.

समजा तपासणीत काच खरोखर रोमन निघाली. ल्याओनिंगमधल्या पेइप्याओ येथे फंग सूफूच्या थडग्यात (मृत्यू इ.स. ४१५) रोमन बनावटीची काचपात्रे मिळाली, त्यांत एक बदकाच्या आकाराचे आहे. पण फंग सूफू हा उत्तर येन राज्यातला राजघराण्यातला माणूस होता आणि त्याच्या राज्याचे संबंध गवताळ प्रदेशातल्या टोळ्यांशी होते. पात्रे रोमन कारागिराची. आणणारे बहुधा पाचसहा वेगवेगळे लोक, आणि त्यांतला एकही रोमन असण्याची गरज नाही.

चांदीच्या डब्यांचे उदाहरण तर लेखात यायलाच हवे होते. ग्वांगचौला १९८३ मध्ये नान्यूएचा राजा चाओ मो याचे थडगे सापडले. तो इ.स.पू. १२२ च्या सुमारास वारला. त्यात बदामी फुगीर पाकळ्या ठोकून काढलेला चांदीचा डबा होता, आणि त्यात औषधी गोळ्या. पाकळ्या ठोकण्याची ही पद्धत इराणकडची. पण झाकणावरची बोंडे आणि तळाची बैठक चीनमध्ये नंतर जोडलेली. शानतोंगमधल्या छी राज्याच्या राजाच्या थडग्यालगतच्या खड्ड्यात आणि च्यांगसूमधल्या तायुनशानच्या राजाच्या थडग्यातही असे डबे मिळाले. तिघेही राजे किंवा राजघराण्यातले. बाजारात विकला जाणारा माल असता तर श्रीमंत व्यापाऱ्यांच्या थडग्यांतही सापडला असता. ही दरबारी देवघेव दिसते, आणि बोंडे जोडणाऱ्याने परक्या डब्याचे चिनी झाकणभांडे करून टाकले आहे. चाओ मोच्याच थडग्यात सालईच्या कुळातल्या झाडाचा डिंक, म्हणजे लोबान, म्हणून नोंदलेले सुमारे २६ ग्रॅम राळेचे तुकडे आणि पाच हस्तिदंत मिळाले. अहवालात हे दंत आफ्रिकी हत्तीशी जुळतात असे म्हटले आहे. २६ ग्रॅमवरून 'अरबस्तानाशी धुपाचा व्यापार' असा मथळा देणे आम्हाला धाडसाचे वाटते.

भेट आणि व्यापार यांतला गोंधळ किती खोल जातो हे एका घराण्यावरून दिसते. निंगशियातल्या कुयुआन येथे सेनापती ली श्येन (मृत्यू ५६९) याच्या थडग्यात सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची सुरई मिळाली. तिच्यावर ट्रॉयच्या युद्धकथेतल्या वाटाव्यात अशा आकृती आहेत. घडण बहुधा बॅक्ट्रियातली, ग्रीक गोष्ट ऐकलेल्या पण ग्रीस न पाहिलेल्या कारागिराची. शेजारी सासानी काचेचा वाडगा. आता हा ली श्येन कोण? उत्तर चौ घराण्याच्या बादशहा वू याचे बालपण काही काळ त्याच्या घरी गेले होते, आणि बादशहाने त्या घरावर भेटींचा वर्षाव केला. सुरई बाजारातून आली की दरबारातून, हे आता सांगता येत नाही. ली श्येनचीच पणती ली चिंगश्युन ६०८ मध्ये नऊ वर्षांची असताना वारली. शीआनला १९५७ मध्ये तिचे थडगे खणले तेव्हा मोती आणि नील लाजवर्द जडवलेला सोन्याचा हार, आणि सासानी राजा पेरोझ याचे चांदीचे नाणे मिळाले. तिला वाढवले होते तिच्या आजीने, म्हणजे सुई बादशहाच्या मुलीने. दगडी पेटीवर 'उघडेल तो तत्काळ मरेल' असे कोरलेले होते. उत्खनन करणारे सुखरूप राहिले. तो हार पाहून 'सातव्या शतकात चीनमध्ये लाजवर्दाचा व्यापार भरभराटीला होता' असे लिहायचे की 'एका आजीची नात गेली' असे, हा प्रश्न आम्हाला गंभीरपणे विचारावासा वाटतो. बदख्शानचा लाजवर्द तिथवर आला हे खरे. किती आला हे एका हारावरून कळत नाही.

नाण्यांबद्दल. तुर्फानजवळच्या अस्ताना दफनभूमीत मृतांच्या तोंडात सासानी चांदीची आणि बायझंटाइन (पूर्व रोमन) सोन्याची नाणी मिळाली. १९१५ मध्ये तिथे खणणाऱ्या ऑरेल स्टाइन यांनी मृतांना नदीपार नेणाऱ्या ग्रीकांच्या नावाड्याला द्यायच्या नाण्याची आठवण काढली, आणि तेव्हापासून ही कल्पना चिकटली ती सुटलेली नाही. चिनी पुरातत्त्वज्ञ श्या नाई यांनी तिला उत्तर दिले होते: मृताच्या तोंडात काही ठेवण्याची चाल चीनची स्वतःची आणि फार जुनी आहे. शांग काळात कवडी, हान काळात जिभेवर जेडचा सिकाडा (झाडावर किरकिरणारा कीटक). वस्तू बदलली, चाल तीच. आणि ही नाणी चलनातली होती का, हे वजनावरून पाहावे. खरे बायझंटाइन सोन्याचे नाणे साडेचार ग्रॅमच्या आसपास भरते. चीनमध्ये मिळालेल्यांपैकी बरीच पातळ पत्र्याची, एकाच बाजूला ठसा असलेली, वजनाला दोन ग्रॅमचीही नसलेली नक्कल आहे. काहींना टांगायला भोके आहेत. ती दागिना म्हणून किंवा दफनासाठीच केलेली. याउलट १९५९ मध्ये शिनच्यांगमधल्या वूछ्या येथे डोंगराच्या कपारीत ९४७ सासानी चांदीची नाणी आणि सोन्याच्या १३ कांड्या एकत्र सापडल्या. ते थडगे नव्हते. कोणीतरी घाईने लपवलेली रोकड होती, आणि व्यापाराचा पुरावा म्हणून ती तोंडातल्या नाण्यांपेक्षा कितीतरी बोलकी आहे.

एक गोष्ट लेखात अजिबात नाही, पण तिच्याशिवाय सगळा हिशेब बिघडतो: काय टिकते. दक्षिण चीनच्या ओल्या, आंबट मातीत कापड, लाकूड, हाडे सहसा राहत नाहीत. दगड, काच, सोने राहते. म्हणून हेपूचा व्यापार 'मण्यांचा' दिसतो. शिनच्यांगच्या कोरड्या वाळूत उलटे. नीया येथे १९५९ मध्ये हानकालीन थडग्यातून निळ्यापांढऱ्या मेणछपाईचे सुती कापड निघाले. त्यावर फळांनी भरलेले शिंग धरलेली देवी आहे. कापूस आणि देवी दोन्ही पश्चिमेकडची, भारत-गांधारच्या बाजूची. तसेच कापड हेपूला उतरले असते तर त्याचा एक धागाही आज हाती लागला नसता. छांगशाच्या मावांगत्वेइ येथे हवा आणि पाणी रोखले गेल्याने ४९ ग्रॅम वजनाचा रेशमी झगा जसाच्या तसा मिळाला, हा अपवाद. तिथे पेटीभोवती सुमारे पाच टन कोळसा आणि त्याबाहेर मीटरभर जाडीचा पांढऱ्या चिकणमातीचा थर होता. तो थर भेदला गेला की काय होते हे शेजारच्या दुसऱ्या थडग्यात दिसले: लुटारूंनी आधीच भोके पाडलेली, आतले बहुतेक सारे कुजलेले.

आपल्याकडची बाजू तर याहून पातळ. इथे बहुतांशी दहन, आणि पावसाळी माती. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेचा लेखक सांगतो की पैठणहून अकीक आणि तेरहून कापड बैलगाड्यांनी भरूचला येई. चीनचे रेशीमही बॅक्ट्रियामार्गे भरूचला पोचे असे तोच लिहितो. दख्खनच्या काळ्या फत्तराच्या पोकळ्यांत अकीक सापडतो आणि नागपूरजवळच्या माहुरझरीला मणी घडवत, हेही पक्के. पण भरूचला आलेले रेशीम इथल्या कुठल्याही थडग्यात जपून राहणार नव्हते. तेव्हा 'चीनमध्ये आपला माल भरपूर सापडतो, इथे त्यांचा नाही' या लेखातल्या वाक्यावरून व्यापार एकतर्फी होता असे ठरत नाही. त्यांनी पुरले, आपण जाळले.

थडग्यातून व्यापाराचा थेट पुरावा मिळतो तो बहुधा अनपेक्षित ठिकाणी. अस्तानात कागद महाग असल्याने रद्दी झालेली सरकारी कागदपत्रे कापून मृतासाठी बूट, टोप्या, कमरपट्टे शिवत. ते बूट उसवून, तुकडे जुळवून वाचले गेले. ५१४ क्रमांकाच्या थडग्यातून असा सातव्या शतकाच्या आरंभीचा तराजू-कराचा हिशेब निघाला: काओछांगच्या (तुर्फानजवळच्या शहराच्या) बाजारात कोणी कोणाला काय विकले आणि वजनाबद्दल किती कर भरला. माल म्हणजे सोने, चांदी, रेशमी धागा, पितळ, औषधे, नवसागर, साखरेच्या ढेपा आणि सुगंधी द्रव्ये; एका नोंदीत सुगंधी द्रव्य ८०० चिन (चिनी वजनाचे माप) भरले. नावांची आडनावे खांग, आन, त्साओ, हो अशी, म्हणजे समरकंद, बुखारा आणि आसपासच्या शहरांतून आलेले सोग्दी. विकणारे सोग्दी आणि घेणारेही बहुधा सोग्दी. आता याच दफनभूमीत मृताबरोबर ठेवलेल्या सामानाच्या याद्या पाहा: हजारो सोन्याची नाणी, आकाशात चढून जायला कोट्यवधी हात लांबीचा रेशमाचा दोरा. थडग्यात मात्र एखादे पातळ नाणे आणि कापडाचे चार तुकडे. मृतासाठी लिहिलेल्या यादीवर विश्वास ठेवू नये. बुटात शिवलेल्या रद्दीवर ठेवावा. मृताबरोबर काय द्यावे हे नातेवाईक ठरवत. रद्दीतला हिशेब कोणी पुढे वाचावा म्हणून लिहिलेला नव्हता.

म्हणून आमची विनंती आहे की अशा वस्तूंची छायाचित्रे छापताना ओळीत थडग्याचे ठिकाण, क्रमांक व काळ द्यावा. थडगे लुटलेले होते की अखंड, वस्तू देहाच्या कोणत्या भागाशी होती, आणि उगम कोणत्या तपासणीवरून ठरवला तेही एका वाक्यात सांगावे. तपासणी झालेलीच नसेल तर 'घाटावरून' असा शब्द पुरतो. वस्तूची जागा फुकाची वाटते, पण गळ्यापाशी मिळालेला मणी आणि थडग्याच्या भरावातून चाळणीत आलेला मणी यांत काही शतकांचे अंतर असू शकते. भरावाची माती वरून आलेली असते, तिच्यात जुने-नवे मिसळलेले असते. चाळणीची जाळी किती बारीक होती हेही कळले तर उत्तम. दोन-तीन मिलिमीटरचे काचमणी जाड जाळीतून सरळ निघून जातात, आणि मग 'या थडग्यात काचमणी नव्हते' असे अहवालात कायमचे लिहिले जाते.

शेवटी एक साधी दुरुस्ती. लेखाच्या पहिल्या पानावरचे मोठे छायाचित्र, ज्याखाली 'थांग राजपुत्राच्या थडग्यातील परदेशी नाणी' असे छापले आहे, ते शीआनच्या हच्याछुन येथे १९७० मध्ये सापडलेल्या साठ्यातले आहे. तिथे दोन मोठे मातीचे रांजण आणि चांदीचा एक हंडा यांत हजाराहून अधिक वस्तू होत्या. त्यांत सासानी खुसरो दुसरा याचे चांदीचे नाणे, बायझंटाइन हेराक्लियसचे सोन्याचे आणि जपानची पाच चांदीची नाणी होती. जवळपास कोणाचेही दफन नव्हते. ही नाणी कोणाच्या तोंडात किंवा हातात ठेवलेली नव्हती, कोणीतरी ती संग्रह म्हणून जपून, मग जमिनीत दडवून ठेवली होती. पुढच्या अंकात ही ओळ बदलावी.

आपले,
प्राचीन मणी आणि काच यांचे काही अभ्यासक, पुणे